खोबरेल तेल, कोलेस्टेरॉल आणि फुप्फुसं: एका फॉरवर्डला उत्तर

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘फुप्फुसांना कोलेस्टेरॉल लागतं. चांगलं कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर फुप्फुसं बिघडत नाहीत. स्टॅटिन फुप्फुसं वाळवतं. गोळी सोडा, रोज दोन चमचे खोबरेल तेल प्या.’ (स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी.)

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, आतल्या बाजूला सरफॅक्टंट नावाचा पातळ थर असतो; त्यामुळे श्वास सोडताना ते मिटत नाहीत. पण त्यात मोठा वाटा फॉस्फोलिपिड नावाच्या दुसऱ्या स्निग्ध पदार्थांचा. कोलेस्टेरॉल थोडंच असतं, आणि तेही प्रमाणाबाहेर गेलं की थराचं काम बिघडतं.

खरा घोळ एचडीएलचा, म्हणजे फॉरवर्डमधल्या ‘चांगल्या कोलेस्टेरॉल’चा. अमेरिकेतल्या ‘मेसा’ नावाच्या आरोग्य-पाहणीत एचडीएल जास्त असलेल्यांच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या खुणा कमी आढळल्या, हे खरंच आहे. फॉरवर्डवाल्याने एवढंच उचललं. आता विडी-सिगारेटचं बघा: ती एचडीएल खाली आणते आणि फुप्फुसंही जाळते. म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. (संशोधक असे घटक हिशेबात धरतात, पण सगळेच धरता येत नाहीत.) आणि एचडीएल नुसतं वाढवून भागतं का? टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने ते भरपूर वाढायचं. घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, म्हणून 2006 मध्ये चाचणीच थांबवावी लागली. ती हृदयविकारासाठीची होती, पण धडा तोच.

स्टॅटिनवरचा आरोप अगदीच हवेतला नाही. धूम्रपान करणाऱ्यांच्या एका पाहणीत स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांच्या आजाराच्या अशाच खुणा जास्त दिसल्या होत्या. पण तोही नुसता संबंध. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणाऱ्या जुनाट आजाराच्या) 885 रुग्णांपैकी काहींना सिमव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, काहींना बिनऔषधी गोळी दिली. आजार उफाळण्याचं प्रमाण घटलं नाही, श्वासाची क्षमताही दोन्ही गटांत सारखीच राहिली. फायदा दिसला नाही, आणि श्वासाच्या क्षमतेत ‘वाळणं’ही दिसलं नाही. स्टेंट बसवलेल्या माणसाने मात्र या फॉरवर्डपायी गोळी सोडली, तर गाठ हृदयाशी आहे.

खोबरेल तेलाने एचडीएल थोडं वाढतं, पण वाईट समजलं जाणारं एलडीएल त्याहून जास्त. माशाच्या हुमणात नारळ हवाच, त्याबद्दल तक्रार नाही.

खाणीची धूळ, चुलीचा नि काजूच्या भट्टीचा धूर छातीत गेलेल्यांची फुप्फुसं लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, दिसत नाहीत. त्यासाठी स्पायरोमेट्री असते: नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि छाती रिकामी होईपर्यंत जोरात फुंकायचं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी बाहेर आली, की डॉक्टर सीओपीडीच्या दिशेने बघायला लागतात.