शांतीचा काढा आणि पारोळ्याचे बाबा

दाढ काढायला गेलो होतो, दाढ अजून तोंडातच आहे. आधी बीपी बघितला तर 160/100, डॉक्टर म्हणाले बाहेर शांत बसा, पंधरा मिनिटांनी परत बघू. जळगाव, मे महिना, 44 डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि म्हणे शांत बसा.

पण माझ्याकडे काढा होता. भाची सुट्टीभर हॅरी पॉटरचा पाचवा भाग घेऊन लोळतेय. त्यात ते स्नेप मास्तर पोरांना मनाची धडधड शांत करणारा काढा करायला लावतात. चंद्रकांत मण्याची पूड टाकायची, घड्याळाच्या उलट तीनदा ढवळायचं, सात मिनिटं मंद आचेवर ठेवायचं, मग हेलेबोरच्या सिरपचे दोन थेंब. हेलेबोर ही खरोखरची विषारी वनस्पती, म्हणून ताईने परवानगी फक्त खडीसाखर आणि गुलाबाच्या सरबताची दिली. भाचीने ढवळलं मात्र उलटंच.

शेजारी पारोळ्याचे एक बाबा, टोपी गुडघ्यावर. बाटलीकडे बघून म्हणाले, "हाई काय शे भाऊ?" मी मूर्ख, खरं सांगितलं की घाबरल्यावर प्यायचं औषध आहे. "मंग मालेबी दे ना जरासं, मन्हा जीव भलता धडधड करी राह्यना." जरासं म्हणजे झाकणभर असेल असं मला वाटलं. बाबांनी मान वर करून, बाटली ओठांना न लावता, घटाघटा सगळी रिकामी केली, मिशी पुसली, "भलतं गोड शे" म्हणाले आणि दोन मिनिटांत मान टाकून घोरायला लागले.

आता पुस्तकात हेही लिहिलंय की सामान टाकताना हात जड झाला तर पिणारा गाढ झोपतो, कधी कधी उठतच नाही. खडीसाखरच आहे हे मला माहीत होतं हो, पण घोरणं मधेच थांबलं की माझा श्वास थांबायचा. आणि बाबांना शुगर असेल तर? हे विचारायचं आधी सुचलंच नाही. दोनदा त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, समोरच्या बाई माझ्याकडे चोर असल्यासारख्या बघत होत्या.

तेवढ्यात कंपाउंडर केवढ्यांदा ओरडला, "घाबरू नका, या!" बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकवून गप्प बसवायचं असतं, मोजताना बोलायचं नसतं. इथे पट्टा फुगतोय आणि हा विचारतोय पेमेंट कॅश का ऑनलाइन. 170. आठ दिवसांनी या. तपासणीचे तीनशे मात्र आजच घेतले, दाढेला हातही न लावता.

बाहेर आलो तर बाबा जागे, "मन्हा नंबर उना का?" आला ना. त्यांचा बीपी 120/80, वीस मिनिटांत दाढ कागदात गुंडाळून हातात.

घरी भाचीने काढ्याचं काही विचारलंच नाही. "मामा, माझी बाटली कुठंय?"

बाटली पारोळ्याला गेली.