पगारावरचा कर बिलावर नको

गेल्या खेपेला कोथरूडला घरी होतो तेव्हा रिटर्न भरायचे दिवस होते. मामेभाऊ तणतणत आला. "दादा, इन्कम टॅक्स रद्दच करायला हवा. काय घ्यायचं ते खरेदीवर घ्या!" टीडीएस कापून पगार हातात येतो आणि रोखीत धंदा करणारा सुटतो, हा त्याचा राग रास्त आहे. उपाय मात्र मला पटत नाही.

मी ह्यूस्टनला राहतो. केंद्राचा इन्कम टॅक्स भरतोच, पण टेक्सास राज्याचा नाही. 2019 मध्ये मतदारांनी त्यावर टेक्सासच्या स्वतःच्या राज्यघटनेतच बंदी घातली. त्याऐवजी दुकानात 8.25 टक्के विक्रीकर. दूध, भाजी, तांदूळ सुटतात. साबण, बूट, भांडी नाहीत. आमचं ऑफिस झाडणारी बाई आणि मी, दोघं एकाच दराने भरतो. तिचा पगार महिनाअखेर संपतो, माझा निम्मा शिल्लक राहतो. मग कोणाच्या कमाईतला मोठा वाटा गेला?

केंद्राचा इन्कम टॅक्सही काढून देशभर एकच विक्रीकर लावा, हा 'फेअरटॅक्स'चा प्रस्ताव तिथल्या संसदेत 1999 पासून आहे. दर 23 टक्के सांगतात. पण तो करासकटच्या किमतीवर: 77 डॉलरची वस्तू, 23 डॉलर कर. आपण जीएसटी मोजतो तसं मोजलं तर जवळपास 30 टक्के. गरिबाला झळ बसू नये म्हणून प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावा द्यायचा, अशी सोय त्यात आहे. सोय करावी लागते, यातच सगळं आलं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना इन्कम टॅक्स कधीच नव्हता. तो गेल्याने त्यांचं काय वाचणार? सप्टेंबर 2025 मध्ये साबण, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. इन्कम टॅक्सची भरपाई खरेदीतूनच करायची, तर हे दर पुन्हा वर न्यावे लागतील. रोखीवाल्याला पकडायचं तर त्याचे व्यवहार तपासा. मावशींच्या पिशवीत हात कशाला?

आणि बाबा? त्यांच्या लोखंडी कपाटात नोकरीभराचे 'फॉर्म 16', म्हणजे पगारातून कापलेल्या कराचे दाखले, वर्षवार लावलेले आहेत, कडा पिवळ्या पडलेले. कर भरून उरलं ते त्यांनी ठेवीत टाकलं. आता तेच पैसे औषधाला, किराण्याला काढतात. भावाला मी ती फाईल दाखवली आणि विचारलं, यांच्याकडून दुसऱ्यांदा कर घ्यायचा का? त्याने दोन-चार पानं उलटली आणि फाईल परत कपाटात ठेवली.