गाइडमधलं रसग्रहण
दहावीची मुलं कवितेचं रसग्रहण गाइडमधून पाठ करतात, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण सगळा दोष मुलांवर ढकलू नका. उताऱ्यावरच्या आकलनाच्या कृती बघा: आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा. उताऱ्यातला शब्द उचलून चौकटीत टाकला की गुण मिळतात, मजकूर कळला नाही तरी चालतं. मग रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अचानक कुठून सुचणार?

माझ्या भाचीने बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार'वर लिहिलं होतं, 'कवयित्रीने संसाराचे महत्त्व सांगितले आहे.' मी वही मिटायला लावली आणि गाणं दोनदा म्हणायला सांगितलं. मग विचारलं, हाताला चटके नेमके कधी बसतात? तिने आजीला भाकरी करताना रोज पाहिलेलं. म्हणाली, "तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात ना, तेव्हा! म्हणजे हे स्वतः भाकऱ्या थापणाऱ्या बाईचंच गाणं आहे." बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तिला तेव्हा सांगितलं, तर पोरगी पुढचं कडवं स्वतःहून वाचायला लागली.

शिक्षकांना कळकळीची विनंती, असं एखादं स्वतःचं वाक्य दिसलं तर शुद्धलेखन चुकलं तरी त्याला गुण द्या.