टँकर आला, अभिनंदन!

सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडला. वरच्या वाडीत टँकर उभा, हंड्यांची रांग, आणि खाली अंगठेच अंगठे. "सरपंचांचे आभार." कसले आभार? संगमेश्वर तालुक्यातलं गाव आपलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मराठवाड्यातल्या माणसाला सांगून बघा, तोंडात मारेल.

वरची वाडी कायम देवराईखालच्या झऱ्यावर जगली. पन्हळ लावलेली, पाणी थेट परड्यात. मे महिन्यात आमचे अण्णाकाका आम्हा मुंबईकर पोरांना राईत न्यायचे. चपला बाहेर काढायला लावायचे आणि म्हणायचे, "घाल हात पातेऱ्यात." त्या कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात मनगटापर्यंत हात आत जायचा. बाहेर कातळावर पाय ठेववत नसे आणि इथे बोटांना ओली माती लागायची. "बघ, गेल्या वर्षीचा पाऊस अजून इथेच आहे."

आता गंमत ऐका. राईला आजही कोणी हात लावलेला नाही. देवाचा कोप होईल ना! पण राईच्या वरचा अख्खा उतार खाजगी मालकीचा, तो तोडीसाठी ठेकेदाराला दिला. ट्रकच्या ट्रक लाकूड गेलं. झऱ्याचं पाणी राईत थोडंच तयार होतं? ते वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि उतारावर मुरतं. जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेतो. खाली चिकट शेडी मातीचा थर लागला की ते अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. मात्र आत जायला त्याला उसंत मिळायला हवी. थेंब पानावर फुटतो, पातेऱ्यात अडकतो, मुळांच्या आणि वाळवीच्या वाटांनी सावकाश खाली उतरतो. उतार बोडका केला की तोच थेंब माती घेऊन पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून शास्त्री नदीत, तिथून जयगडच्या खाडीत. आता पावसाळ्यात झऱ्याला लाल पाणी येतं आणि शिमग्याआधी तो आटतो.

हो, झाडंही पाणी पितात, माहीत आहे मला. म्हणून तर सामाजिक वनीकरणातली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून फोटो काढणाऱ्यांनी इथे कॉमेंट करू नये. मी ऐन, किंजळ, जांभळाच्या रानाबद्दल बोलतोय, जिथे पातेरा साठतो.

आणि ग्रुपवरचा उपाय काय, तर "बोअर मारू, वर्गणी काढा." अहो, बोअर म्हणजे खाली असलेलं उपसायचं भोक! वरून काही जातच नसेल तर दोनशे फुटांवर कोण पाणी घेऊन बसलंय तुमच्यासाठी? तिकडे नगरच्या हिवरे बाजारने जेमतेम पावसात कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर मारायचा नाही असं ठरवलं आणि विहिरींना पाणी आणलं. आपल्याकडे पाऊस धो धो, आणि आपण टँकरपुढे हात जोडतोय.

चिडलोय, कारण फोटोत हंडा घेऊन उभ्या असलेल्यांत आमची वहिनीही दिसली. गुडघे दुखतात तिचे. अण्णाकाका असते तर त्यांनी कोणाला काय सुनावलं असतं कोण जाणे. बहुधा काहीच नाही. राईत नेऊन पातेऱ्यात हात घालायला लावला असता.

रान विकणाऱ्यालाही शिव्या देत नाही मी. घरात आजारपण, पोरांच्या फिया, आणि ठेकेदार रोख मोजतो. अडलेला माणूस विकणारच. पण आता त्या उतारावर खुंटांना फुटवे आलेत, चांगले मांडीएवढे झालेत. म्हणजे ठेकेदार परत येणार. तो जेवढे पैसे मोजेल तेवढे आपण मुंबईकरांनी मिळून त्या मालकाला द्यायचे आणि दहा-पंधरा वर्षं तोड नाही असा करार लिहून घ्यायचा. बोअरला माझ्याकडून छदाम मिळणार नाही, याला मागाल तेवढे देतो.

गणपतीला सगळे येतोच आहोत. आरती झाली की तासभर बसू. भजनाच्या आधी, कारण नंतर कोणी धड जागं नसतं.