चार सामन्यांसाठी एक स्टेडियम

आज पुन्हा तेच वाचलं. जागतिक स्पर्धा भरवा, घातलेला पैसा कित्येक पटींनी परत येतो! आणि खाली शेकडो लोकांचे लाइक. आपल्या सगळ्यांचं खेळावर प्रेम आहे, म्हणून तर हे वाचून जास्त राग येतो.

अशा वेळी मला मनौस आठवतं. ब्राझीलमधलं, अमेझॉनच्या जंगलातलं शहर. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी तिथे चाळीस हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उभारलं. पोलाद पोर्तुगालहून जहाजांनी आणलं, समुद्र ओलांडून पुढे नदीतून वर. सामने झाले चार. देशाच्या अव्वल लीगमध्ये खेळणारा एकही क्लब त्या शहरात नव्हता आणि पाया खणायच्या आधीही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग 'कित्येक पटी' येतात कुठून? अहवाल लिहिणारे तिकीट, हॉटेल, टॅक्सी, बांधकाम असा सगळा खर्च एकत्र करतात आणि त्याला एका गुणकाने, म्हणजे एक रुपया हातोहात फिरून किती उलाढाल होते त्या अंदाजाच्या आकड्याने, गुणतात. पण त्याच शहरातल्या माणसाने सामन्यावर घातलेले पैसे नवे नसतात. एरवी ते सिनेमाला किंवा बाहेर जेवायला गेले असते. खिसा तोच, दुकान बदललं. नवा पैसा फक्त बाहेरून आलेल्या माणसाचा, तोही तो खास स्पर्धेसाठी आला असेल तरच. शिवाय गर्दी आणि महागाईच्या धास्तीने जे आलेच नाहीत, त्यांचा पैसा यातून वजा करायला हवा. ऑगस्ट २०१२ मध्ये, लंडनच्या ऐन ऑलिंपिकच्या महिन्यात, ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमी होते. ही वजाबाकी जाहिरातीत कधी दिसली आहे का?

त्यात शहराबाहेर गळून जाणारा पैसा वेगळाच. खोलीचं भाडं तिप्पट झालं म्हणून खोली झाडणाऱ्या बाईचा पगार तिप्पट होत नाही. वरचा नफा साखळी हॉटेलच्या मुख्यालयात जातो. मनौसच्या पोलादाचा पैसाही मनौसमध्ये फिरला नाही. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे बांधकामाचा खर्च हाच 'लाभ' म्हणून मोजतात. खर्चाची बाजू जमेत मांडायची! घरच्या हिशोबात असं कुणी केलं तर आपण त्याच्या हाती पाकीट देऊ का?

यजमानांनी केलेला करार वाचला तर आणखी कळतं. वर्ल्ड कपमध्ये प्रक्षेपणाचे हक्क, मोठे प्रायोजक, तिकिटं हे सगळं फिफाकडे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत त्यांचं उत्पन्न साडेसात अब्ज डॉलर होतं. यजमानांच्या वाट्याला पोलीस बंदोबस्त, वाहतूक, आधीच्या जाहिराती काढून रिकामं करून दिलेलं स्टेडियम, आणि वर फिफाला करमाफी. ब्राझीलमध्ये स्टेडियमात दारूला बंदी होती, तर बिअर विकता यावी म्हणून २०१२ मध्ये खास कायदा करावा लागला.

खर्च फुगतो त्याचं कारण साधं आहे. उद्घाटनाची तारीख हलत नाही. काम मागे पडलं की तीन पाळ्या लागतात, ओव्हरटाइम द्यावा लागतो, निविदा घाईत निघतात, आणि ठेकेदाराला पक्कं माहीत असतं की आता मला कुणी काढू शकत नाही. माँट्रियलमध्ये १९७६ चं ऑलिंपिक सुरू झालं तेव्हा स्टेडियमचा मनोरा अर्धवटच होता. कर्ज फिटलं २००६ मध्ये. तीस वर्षं!

बरं, लॉस एंजेलिसने १९८४ मध्ये नफा कमावला, मान्य. पण तेव्हा दुसरं कुणी यजमानपद मागत नव्हतं म्हणून लॉस एंजेलिसला आपल्या अटी घालता आल्या, आणि मुख्य स्टेडियम १९२३ पासून उभंच होतं.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. आपल्या शहरात जग खेळायला येतं तो आनंद खरा आहे, त्याची किंमत करता येत नाही. मग तसंच सांगा ना लोकांना! घरचं लग्न समजून खर्च करू म्हणा, गुंतवणूक म्हणू नका. आणि बोली लावण्याआधी यजमान कराराची पूर्ण प्रत दाखवा. अंदाजापेक्षा जास्त झालेला खर्च कोण भरणार ते लिहून द्या. पुढच्या वीस वर्षांचा देखभालीचा हिशोब मांडा. सामना असो नसो, गवताला पाणी, छताची दुरुस्ती, लिफ्टची तपासणी, रात्रीचे पहारेकरी चुकत नाहीत. आणि तिथे दर आठवड्याला कोण खेळणार, त्या क्लबचं नाव सांगा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्च वाढतोय म्हणून २०२३ मध्ये २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या यजमानपदातून अंग काढून घेतलं. ३८ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली, नाचक्की झाली. तरी मला वाटतं त्यांनी बरोबर केलं.

मनौसमध्ये असं कुणी थांबवलं नाही. त्या बांधकामावर मजुरांचे जीवही गेले. स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच, २०१३ मध्ये, तिथल्या एका न्यायाधीशांनी सुचवलं होतं की सामने संपले की हे स्टेडियम कैदी ठेवायला वापरावं.