वस्तीची गाडी

मोटरहोम घेऊन आठवडाभर न्यूझीलंडातल्या कोरोमंडलला जायचं हे ठरवायला आम्हाला चार मिनिटं लागली, आणि प्लॅनिंगला नऊ आठवडे. ऑकलंडला राहून दहा वर्षं झाली, समोर आखातापलीकडे ते द्वीपकल्प दिसतं, दोनदा दिवसाची ट्रिप मारून आलोय, पण सगळ्यांनी मिळून कधी गेलो नव्हतो. यंदा आई-बाबा चिपळूणहून आलेले, मार्चमध्ये भाडं डिसेंबरच्या मानाने बरंच उतरतं, म्हणून म्हटलं करूयाच.

बाबा एसटीत होते. डेपोत टाइमटेबल लावण्यात उभा जन्म गेला. मोटरहोम म्हणजे काय हे मी त्यांना व्हिडिओ दाखवून अर्धा तास समजावलं, बेड कसा उघडतो, टेबल कसं दुमडतं, सगळं शांतपणे बघून ते म्हणाले, "म्हणजे वस्तीची गाडी." झालं. माझ्या अर्ध्या तासाचं तीन शब्दांत पोस्टमॉर्टम. रात्री गावात मुक्कामाला जाणारी आणि सकाळी तिथूनच सुटणारी एसटी, ड्रायव्हर-कंडक्टर आत झोपतात, फरक एवढाच की आमच्या गाडीत सहा बर्थ, फ्रिज आणि शेगडी होती.

आणि संडास.

"आतच?" आई म्हणाली. "शेगडीच्या शेजारी?"

शेजारी नाही गं, मध्ये दार आहे, असं मी सांगितलं. दार होतं, पण दार आणि शेगडी यांच्यात दोन फूट अंतर होतं हे फोटोत दिसत होतं आणि आईला चष्म्याशिवायही दिसलं. मग मी कायद्याची बाजू मांडली, की इथे कॅम्पग्राउंड सोडून इतर परवानगीच्या जागी रात्री थांबायचं तर गाडी सेल्फ-कंटेन्ड, म्हणजे पाणी-टॉयलेट सगळं आतच असलेली लागते, आणि २०२३ च्या कायद्यानं तर टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलंच लागतं, आधी चालायचं तसं सीटखालून काढायचं पोर्टेबल आता चालत नाही. "मग ते रिकामं कोण करतं?" हा तिचा पुढचा प्रश्न. खाली एक कॅसेट असते, ती ओढून काढायची, चाकं असतात तिला, सुटकेससारखी ओढत डंप स्टेशनला न्यायची आणि ओतायची. हे ऐकल्यावर बायकोने लॅपटॉपवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. प्लॅनिंगचे नऊ आठवडे खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले.

तोडगा बाबांनी काढला. गाडीतलं टॉयलेट वापरायचंच नाही! गावोगावी सार्वजनिक टॉयलेट आहेत आणि स्वच्छ आहेत, मग फेरी त्या हिशोबाने लावायची. मला वाटलं गंमत करताहेत, पण दुसऱ्या दिवशी वहीत रकाने आखलेले, थेम्स, टापू, कोरोमंडल टाउन, व्हिटियांगा, हाहेई, टायरुआ, फांगामाटा, वायही, पाएरोआ, पुढे किलोमीटर, त्यापुढे "सोय आहे". मी सी-व्ह्यू बघून स्टॉप निवडले होते ते सगळे गळले, कारण तिथे सोय नव्हती. समुद्र काय सगळीकडून दिसतोच, असं आईचं मत पडलं आणि ते खोडता येईना.

नकाशावरून पहिलं भांडण ३०९ रोडवर झालं. कोरोमंडल टाउनहून व्हिटियांगाच्या बाजूला डोंगरातून जाणारा बावीसेक किलोमीटरचा शॉर्टकट, वाटेत जुन्या कौरी झाडांची राई, सगळं माझ्या मनासारखं, पण बराच भाग खडीचा आणि भाड्याच्या करारात साफ लिहिलेलं की या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. त्याला ३०९ का म्हणतात तर कोणी म्हणतं एवढी वळणं आहेत, कोणी म्हणतं घोडागाडीला एवढी मिनिटं लागायची. बाबा म्हणाले, "कुंभार्ली घाटाला आम्ही असलं काही मोजत बसलो नाही." पण कराराविरुद्ध जायला मात्र तेच तयार नव्हते. एसटीचा माणूस, मंजूर मार्ग सोडणार नाही.

मंजूर मार्ग तपासताना त्यांना २५ए हायवेची बातमी सापडली. २०२३ च्या जानेवारीत पावसाने रस्त्याचा अख्खा तुकडा दरीत गेला, आणि त्याच डिसेंबरात १२४ मीटरचा नवा पूल बांधून रस्ता चालू. बाबांनी तारखा दोनदा वाचल्या. अकरा महिने बोटांवर मोजले. मग खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प बसले. चिपळूणचा माणूस आहे, मुंबई-गोवा हायवे घरावरून जातो, मी काही विचारलं नाही.

कोरोमंडल हे नाव आपल्याकडचंच ना, असं पोराने विचारलं, तर हो, तिकडच्या किनाऱ्याचंच. १८२० मध्ये ब्रिटिशांचं त्या नावाचं जहाज शिडांच्या डोलकाठ्यांसाठी कौरीची लाकडं न्यायला आलं, त्यावरून. "म्हणजे तंजावरच्या भोसल्यांचा किनारा," आई खुश झाली, आणि त्या दिवसापासून ती फोनवर सगळ्यांना आम्ही तंजावर साइडला जाणार असं सांगायला लागली. मावशीने तिला साड्यांची यादी पाठवली.

पण खरा घोळ हॉट वॉटर बीचने घातला. तिथे वाळूत खड्डा खणला की खालून गरम पाणी येतं, ६४ अंशांपर्यंत, आणि आपण आपल्याच खड्ड्यात बसायचं. फक्त ओहोटीच्या आगेमागे दोन-दोन तास, एरवी समुद्र त्यावर. आम्ही गुरुवारी दुपारी तीनला पोचणार होतो. त्या दिवशी तीनला भरती. मी टाइड टेबल काढलं तर बाबा म्हणाले, त्याला टेबल कशाला, तिथीची पाऊणपट करायची, जे तास येतील तेव्हा पूर्ण भरती, गुहागरला आम्ही शाळेत असल्यापासून हेच करतो. कालनिर्णय आईच्या बॅगेत होतंच. गुणाकार झाला, भागाकार झाला, आणि उत्तर टेबलाशी काही केल्या जुळेना. चंद्र तोच, समुद्र दुसरा, त्याला काय करणार. बाबांनी तिसऱ्यांदा गणित केलं आणि वही मिटून म्हणाले, "यांचं टेबल चुकलंय."

शेवटी टेबलाचंच ऐकलं. सकाळी नऊची ओहोटी गाठायला बुधवारचा मुक्काम हाहेईला ओढला, त्यामुळे व्हिटियांगाचा एक दिवस गेला, त्यामुळे कोरोमंडल टाउनच्या मसल्स, म्हणजे तिथल्या शिंपल्या, मंगळवारी आल्या, आणि आईचा मंगळवार असतो. मग सगळी फेरी एक दिवस मागे. या एका खड्ड्यासाठी वहीची सात पानं फाटली. शिवाय फावडं विकत घेतलं, तिथे भाड्यानेही मिळतं हे नंतर कळलं.

गाडी ताब्यात घेतली तेव्हा तिथल्या पोरीने कॅसेट कशी काढायची, झाकण कुठे, निळं केमिकल किती, हे वीस मिनिटं मन लावून दाखवलं, आणि आम्ही चौघं, जे ती कधीही काढणार नव्हतो, लग्नात मंगलाष्टकाला उभं राहतात तशा चेहऱ्याने उभे होतो. ती गेल्यावर आईने ते दार उघडलं, आत सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, जागा छान आहे. दहा किलो कांदे, बटाटे, फावडं, पाण्याचे कॅन आणि लाडवांचा डबा, सगळं आत बसलं. बाबांनी वहीत नोंद केली, "कोठी."

पहिला मुक्काम थेम्सच्या पुढे, समुद्राला लागून. टॉयलेट दोनशे मीटरवर, सोय आहे. रात्री दोनला पाऊस सुरू झाला, साधा नाही, छपरावर कोणीतरी खडी ओततंय असा, सगळी गाडी हलायला लागली. मी जागाच होतो. कोणीतरी उठलं, चपला शोधल्या, बाहेरचं दार बोटभर उघडलं आणि परत लावून घेतलं. मग बराच वेळ काही नाही. मग अंधारातून बाबांचा दबका आवाज आला,

"अगं, हे कांदे कुठे ठेवू?"