नंबर तर मिळाला ना!

टाकीतलं पाणी मोबाइलवर दिसू लागलं म्हणून काल सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांचे जाहीर आभार मानले गेले. अण्णांचे! पंप रूममध्ये उपड्या बादलीवर बसून डासांना रक्त दिलं मी.

काम किरकोळ होतं. टाकीत सेन्सर, खाली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आणि त्या चिमुकल्या बोर्डाने 'टाकी' नावाचं स्वतःचं वायफाय सोडायचं. वॉचमनने फोन जोडून पातळी बघायची, इंटरनेट लागतच नाही. देश कोणता हे सांगेपर्यंत पायचं वायफाय बंदच असतं, सांगितला. वायफाय सोडणारं होस्टएपीडी हे सॉफ्टवेअर मास्क केलेलं, म्हणजे कुलूपबंद निघालं, तेही उघडलं. 'टाकी' फोनवर झळकली आणि दारात अण्णा. बँकेतून निवृत्त, हातात मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेला आयफोन.

"जोडू का?"

"जोडा, पण पत्ता मिळत नाहीये."

"कुणाचा?"

"तुमच्या फोनचा. आयपी ॲड्रेस."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा काय, मिळाला की! एकशे एकोणसत्तर, दोनशे चोपन्न..."

"अण्णा, 169.254 म्हणजे कुणीच पत्ता दिला नाही. फोनने वाट बघून स्वतःच स्वतःला दिलाय."

"मग चांगलंय. स्वावलंबी आहे."

"पण त्याने काही उघडणार नाही."

"नंबर तर मिळाला ना? आमच्या वेळी टेलिफोनचा नंबर लागायला वर्षं जायची. तुम्हाला सगळं लगेच पाहिजे."

तिथून गाडी ट्रंक कॉलवर, तिथून व्याजदरांवर आणि तिथून थेट माझ्या थकलेल्या मेंटेनन्सवर गेली. तो मी भरलाय, पावती आहे. इकडे लॉगमध्ये पत्ते वाटणारं डीएनएसमास्क बोंबलत होतं की डब्ल्यूलॅन0 वर, म्हणजे पायच्या वायफायवर, मागणी आली आहे, पण डब्ल्यूलॅन0 लाच पत्ता नाही. कसा असेल? मी वाचत होतो ते लेख डीएचसीपीसीडी या जुन्या नेटवर्क प्रोग्रामच्या फाइलीत पत्ता लिहायला सांगतात, आणि 2023 च्या बुकवर्म आवृत्तीपासून पायवर कारभार नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलाय. ती फाइल आता कुणी वाचत नाही. लेख मात्र शोधात सगळ्यात वर! लिहिणाऱ्याला वर एक ओळ टाकायला काय होतं, की बाबा हे आता चालत नाही? पोथीसारखं जपून ठेवलंय नुसतं.

शेवटी होस्टएपीडी, डीएनएसमास्क दोन्ही बंद केलं आणि नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआय या कमांडने हॉटस्पॉट उभा केला. नेटवर्कमॅनेजर स्वतःला 10.42.0.1 घेतो आणि येणाऱ्याला पत्ताही वाटतो. पाय चालू होताच हॉटस्पॉट आपोआप सुरू व्हावा एवढं सेटिंग करून एंटर दाबलं, तोच अण्णा म्हणाले, "एकदा बंद करून चालू करून बघू," आणि प्लग उपसला. चालू पायचा! त्यात मेमरी कार्ड असतं, अर्धवट लिहिलेली फाइल खराब होते, हे मी ओरडेपर्यंत प्लग परत आत होता. मिनिटाभरात आयफोनवर पाण्याची पातळी आली.

"बघा," अण्णा म्हणाले. "तुम्ही लोक उगाच टाइप करत बसता."

आज सकाळपासून तक्रारी माझ्याकडे येताहेत. 'टाकी'ला जोडलं की यूट्यूब चालत नाही म्हणे. बी विंगच्या काकू तर विचारत होत्या, मेंटेनन्समधून पैसे घेता, मग नेट का देत नाही? मी त्यांना अण्णांचा फ्लॅट नंबर दिला.